दाव्याचे योग्य स्थळ : भोपाळ वायुदुर्घटनेच्या दिवाणी दाव्याचा न्यायालयीन प्रवास

प्रास्ताविक

दिवाणी दावा कोणत्या न्यायालयात चालावा हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ तांत्रिक वाटतो. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील कलमे १५ ते २० या प्रश्नाचे उत्तर देतात. स्थावर मालमत्तेचा वाद असेल तर ती जेथे आहे तेथे दावा करावा, आणि व्यक्तीला अपाय झाला असेल तर कलम १९ प्रमाणे अपायाच्या ठिकाणी किंवा प्रतिवादीच्या निवासाच्या ठिकाणी, वादीच्या इच्छेनुसार. पुढची कलमे २२ ते २५ दावा एका न्यायालयातून दुसऱ्या न्यायालयात वर्ग करण्यासंबंधी आहेत. यांपैकी कलम २५ हे १९७६ च्या दुरुस्तीपर्यंत फारच संकुचित होते. एकाच न्यायाधीशाच्या उच्च न्यायालयात त्या न्यायाधीशाविषयी पक्षकाराने वाजवी हरकत घेतली, तर त्याने शासनाला अहवाल द्यावा आणि शासनाने प्रकरण अन्य उच्च न्यायालयाकडे सोपवावे, एवढीच तरतूद त्यात होती. दुरुस्तीनंतर एका राज्यातील दिवाणी न्यायालयातून दुसऱ्या राज्यातील न्यायालयात दावा वर्ग करण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाकडे आला. ‘न्यायाच्या दृष्टीने इष्ट’ वाटणे हाच या अधिकाराचा निकष ठरला.

या सर्व व्यवस्थेमागे एक गृहीत आहे. दोन्ही न्यायालये एकाच सार्वभौम सत्तेखाली असतात आणि त्या दोहोंवर आज्ञा करणारे वरिष्ठ न्यायालय अस्तित्वात असते. पक्षकार दोन वेगवेगळ्या देशांतील असतील तर मात्र असे न्यायालय नसते. तेथे दावा खऱ्या अर्थाने ‘वर्ग’ होत नाही. एक न्यायालय तो सोडून देते आणि दुसरे तो घेईल अशी अपेक्षा करते. इंग्लिश-अमेरिकी विधिपरंपरेत या तत्त्वाला ‘फोरम नॉन कन्व्हिनियन्स’ असे लॅटिनमिश्रित नाव आहे. त्याचा आशय असा, की न्यायालयाला अधिकारिता असूनही ते स्थळ गैरसोयीचे असेल, तर अन्यत्रच्या अधिक योग्य न्यायालयासाठी दावा नाकारावा. ‘गैरसोय’ हा शब्द सौम्य आहे. परंतु भारताच्या आधुनिक इतिहासात या सौम्य शब्दाने किती मोठा निर्णय घडवून आणला, हे भोपाळच्या दाव्यावरून दिसते. तो दावा एका न्यायालयातून दुसऱ्या न्यायालयात सरकत गेला, आणि प्रत्येक टप्प्यावर ‘योग्य स्थळ’ या कल्पनेचा अर्थ कोणी कसा लावला, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

दावे अमेरिकेत कसे पोहोचले

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेड या कंपनीच्या भोपाळ येथील कीटकनाशकांच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायूची गळती झाली. ही कंपनी भारतात नोंदलेली होती, तिचे ५०.९ टक्के भाग अमेरिकेतील युनियन कार्बाइड कॉर्पोरेशनकडे आणि सुमारे २२ टक्के भाग भारतातील सार्वजनिक वित्तसंस्थांकडे होते. हे दोन्ही आकडे पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावयास हवेत.

दुर्घटनेला आठवडाही उलटला नव्हता तोच, ७ डिसेंबर रोजी, अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात पहिला दावा दाखल झाला. अमेरिकी वकिलांचे गट भोपाळच्या वस्त्यांतून वकालतनामे गोळा करीत हिंडू लागले. त्यांच्या हेतूंविषयी तेव्हाही बरेच लिहिले गेले आणि ते बहुतांशी योग्यच होते. परंतु एवढ्यावरून अमेरिकी न्यायालयाची निवडच लोभमूलक होती असे म्हणता येणार नाही. मूळ कंपनी तेथे होती, तिची मालमत्ता तेथे होती, आणि प्रतिपक्षाच्या ताब्यातील कागदपत्रे खटल्यापूर्वीच मागवून घेण्याची तेथील पद्धत भारतापेक्षा कितीतरी व्यापक होती. ज्यूरीकडून ठरणाऱ्या नुकसानभरपाईच्या रकमा भारतातील रकमांच्या अनेक पट असत, हे तर उघडच होते.

निरनिराळ्या राज्यांत विखुरलेले हे दावे फेब्रुवारी १९८५ मध्ये एकत्र करून न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्ह्याच्या संघीय न्यायालयात न्यायाधीश जॉन कीनन यांच्याकडे सोपविण्यात आले. अमेरिकेपुरते हे खरेखुरे वर्गीकरण होते, कारण तेथे तसा अधिकार असलेली यंत्रणा होती. पुढच्याच महिन्यात भारतीय संसदेने भोपाळ वायुगळती आपत्ती (दाव्यांवरील कार्यवाही) अधिनियम संमत करून सर्व पीडितांच्या वतीने दावा चालविण्याचा अनन्य अधिकार केंद्र शासनाकडे घेतला. राज्य हे असहाय प्रजेचे पालक आहे, या जुन्या तत्त्वाचा आधार त्यासाठी घेण्यात आला. एप्रिल १९८५ मध्ये भारत सरकारने न्यूयॉर्कमध्ये स्वतःचा दावा दाखल केला. एका सार्वभौम राष्ट्राने आपल्याच भूमीवर घडलेल्या अपकृत्याबद्दल परदेशातील जिल्हा न्यायालयात वादी म्हणून उभे राहावे, ही घटना अभूतपूर्व होती.

शपथपत्रांचा उलटा न्याय

जुलै १९८५ मध्ये कंपनीने हे दावे गैरसोयीच्या स्थळाच्या तत्त्वावर काढून टाकावेत असा अर्ज केला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४७ साली या तत्त्वाची मांडणी केली होती. खाजगी हिताचे घटक (साक्षीदार, कागदपत्रे, स्थळपाहणी, खर्च) आणि सार्वजनिक हिताचे घटक (न्यायालयांवरील बोजा, स्थानिक वाद स्थानिक ठिकाणी सुटण्याचे औचित्य, परकीय कायदा लावण्यातील अडचण) असे दोन गट करून त्यांचे तोलन करावयाचे होते. १९८१ साली त्याच न्यायालयाने स्कॉटलंडमधील एका विमान अपघाताच्या प्रकरणात दोन गोष्टी जोडल्या. परकीय वादीने अमेरिकी न्यायालय निवडले तर त्या निवडीला देशी वादीच्या निवडीइतका मान देण्याचे कारण नाही, आणि दुसऱ्या ठिकाणचा कायदा वादीला कमी अनुकूल आहे एवढे कारण दावा राखून ठेवण्यास सामान्यतः पुरेसे नाही. मात्र पर्यायी न्यायालयात मिळणारा उपाय अगदीच अपुरा असेल तर गोष्ट वेगळी.

म्हणून सारा वाद एका प्रश्नाभोवती केंद्रित झाला: भारतीय न्यायव्यवस्था या दाव्यासाठी पुरेशी आहे काय? आणि येथे इतिहासात क्वचितच दिसणारा प्रसंग उद्भवला. ती पुरेशी नाही, असे भारत सरकारने सांगितले. ती पूर्णतः समर्थ आहे, असे अमेरिकी कंपनीने सांगितले.

भारत सरकारच्या बाजूने भारतीय विधिव्यवस्थेचे अभ्यासक प्रा. मार्क गॅलँटर यांनी शपथपत्र दिले. भारतातील दिवाणी दाव्यांना लागणारा दीर्घ विलंब, अपकृत्य कायद्याचा अपुरा विकास, असंख्य वादींचा एकत्रित गुंतागुंतीचा दावा चालविण्याच्या अनुभवाचा अभाव आणि मोठ्या प्रमाणावर तथ्यशोधन करू शकणाऱ्या वकिली संस्थांची उणीव, असे त्यांचे मुद्दे होते. कंपनीच्या बाजूने मुंबईचे ख्यातनाम विधिज्ञ नानी पालखीवाला आणि सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील जे. बी. दादाचनजी यांनी शपथपत्रे दिली. केशवानंद भारती प्रकरणात नागरिकांच्या बाजूने उभे राहिलेले आणि १९७७ ते १९७९ या काळात अमेरिकेत भारताचे राजदूत असलेले पालखीवाला या प्रसंगी बहुराष्ट्रीय कंपनीच्या बाजूने भारतीय न्यायालयांची थोरवी सांगत होते. त्यांच्यावर याबद्दल बरीच टीका झाली. तथापि त्यांचे म्हणणे तत्त्वतः खोटे होते असे म्हणणे अवघड आहे. भारतीय न्यायालये सक्षम आहेत असे कोणत्याही स्वाभिमानी भारतीय वकिलाने म्हणणे स्वाभाविक होते. आश्चर्य वाटते ते शासनाचे. कोर्ट फी, न्यायाधीशांच्या रिक्त जागा, तहकुबी यांबाबतचा कबुलीजबाब शासनाने देशाबाहेर जाऊन दिला. देशात मात्र त्याच त्रुटी दूर करण्याची जबाबदारी त्याच शासनावर होती.

या भूमिकेत आणखी एक पेच होता. ज्या भारतीय कंपनीच्या कारखान्यात दुर्घटना घडली तिच्यात सार्वजनिक वित्तसंस्थांचे भांडवल होते, कारखान्याला परवाने शासनाने दिले होते आणि त्याच्या तपासणीचे कर्तव्यही शासकीय खात्यांचेच होते. दुर्घटनेची कारणमीमांसा भोपाळमध्ये सुरू झाली असती तर शासन हे केवळ पालक राहिले नसते. न्यूयॉर्कमध्ये सारा प्रकाशझोत मूळ कंपनीने केलेल्या आराखड्यावर राहिला असता. शासनाने हा हिशेब जाणीवपूर्वक केला असे सिद्ध करता येत नाही. परंतु स्थळाची निवड कोणाची जबाबदारी उजेडात आणते आणि कोणाची झाकते, याचे भान या प्रसंगाच्या अभ्यासकाने ठेवलेच पाहिजे.

१२ मे १९८६ चा निर्णय

न्यायाधीश कीनन यांनी कंपनीचा अर्ज मान्य केला. कारखाना भोपाळमध्ये, चालविणारे कर्मचारी भारतीय, पीडित भारतीय, बहुसंख्य साक्षीदारांची भाषा हिंदी वा अन्य भारतीय भाषा, दैनंदिन कामकाजाच्या नोंदी भारतात. शिवाय मूळ कंपनीने प्रक्रियेचे प्राथमिक आराखडे पुरविले असले तरी तपशीलवार अभियांत्रिकी काम मुंबईतील हम्फ्रेज अँड ग्लासगो या संस्थेने केले होते. या सर्वांवरून पुराव्याचा भार भारताकडे झुकतो, असे त्यांचे अनुमान होते. भारतीय न्यायव्यवस्था अपुरी असल्याचे सुचविणे हा साम्राज्यवादाचाच अवशेष ठरेल, आणि स्वतंत्र भारताला आपल्या लोकांचा न्याय करण्याची संधी नाकारणे योग्य नाही, अशा आशयाचे विवेचनही त्यांनी केले. वसाहतवादविरोधी भाषा पीडितांच्या विरोधात कशी वापरली जाऊ शकते, याचे हे एक लक्षणीय उदाहरण आहे. त्यांचा हेतू कुटिल होता असे मानण्याचे कारण नाही. भारताचा सन्मान आणि कंपनीची सोय यांचा मार्ग त्या दिवशी एकच ठरला.

दावा सोडून देताना त्यांनी तीन अटी घातल्या. कंपनीने भारतीय न्यायालयांची अधिकारिता मान्य करावी आणि मुदतीचा बचाव सोडावा; न्याय्य प्रक्रियेच्या किमान कसोट्यांना उतरणारा भारतीय न्यायालयाचा हुकूमनामा पाळावा; आणि कागदपत्रे व पुरावा उघड करण्याचे अमेरिकी नियम स्वतःला लावून घ्यावेत. जानेवारी १९८७ मध्ये द्वितीय परिमंडळाच्या अपील न्यायालयाने निर्णय कायम ठेवला, परंतु दुसरी आणि तिसरी अट रद्द केली. दुसरी अट संदिग्ध आणि अनावश्यक, तर तिसरी एकतर्फी ठरविण्यात आली. कंपनीकडून कागदपत्रे अमेरिकी नियमांनी मागावयाची असतील तर भारत सरकारनेही तोच नियम स्वीकारावा, असा त्यांचा तर्क होता. तो औपचारिक दृष्ट्या निर्दोष आहे. परिणाम मात्र असा झाला, की दावा भारतात आला आणि त्याच्यासोबत येणे ज्याला अत्यावश्यक होते तो पुरावा-शोधाचा अधिकार अमेरिकेतच राहिला.

येथे एक तुलना उपयोगी ठरेल. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने २००० साली दक्षिण आफ्रिकेतील ॲस्बेस्टॉसपीडितांच्या दाव्यात नेमका उलट कौल दिला. पुरावा व साक्षीदार दक्षिण आफ्रिकेत असूनही, तेथे हजारो गरीब वादींना वकिली मदत मिळण्याची शक्यता नाही, म्हणून दावा इंग्लंडमध्येच चालावा असे त्यांनी ठरविले. २०१९ साली झांबियातील खेडुतांनी वेदांत कंपनीविरुद्ध केलेल्या दाव्यातही ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने हीच दिशा धरली. म्हणजे गॅलँटर यांनी १९८५ साली मांडलेला व्यावहारिक मुद्दा, कायद्यापेक्षा कायदा चालविण्याची साधने महत्त्वाची असतात हा, पुढे इंग्लंडमध्ये कायदा म्हणून स्वीकारला गेला. भोपाळला त्याचा उपयोग झाला नाही.

भोपाळ, जबलपूर, दिल्ली

५ सप्टेंबर १९८६ रोजी भोपाळच्या जिल्हा न्यायालयात नियमित दिवाणी दावा क्रमांक १११३ दाखल झाला. नोव्हेंबर १९८६ अखेर कंपनीने तीन अब्ज डॉलर मूल्याची बोजामुक्त मालमत्ता राखून ठेवण्याची हमी न्यायालयाला दिली. २० डिसेंबर १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील ओलियम वायुगळतीच्या प्रकरणात धोकादायक उद्योगाच्या निरपवाद दायित्वाचा सिद्धांत मांडला. भारतीय अपकृत्य कायदा अविकसित आहे या आक्षेपाला मिळालेले हे जणू तत्काळ उत्तर होते. त्या क्षणी भारतीय न्यायालय हेच योग्य स्थळ आहे असे मानण्यास आधार होता.

१७ डिसेंबर १९८७ रोजी जिल्हा न्यायाधीश एम. डब्ल्यू. देव यांनी संहितेतील न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचा आधार घेऊन ३५० कोटी रुपयांची अंतरिम भरपाई देण्याचा आदेश दिला. ज्या कंपनीने भारतीय न्यायालयांची पात्रता वाखाणली होती तिनेच हा आदेश अधिकारबाह्य असल्याचे म्हटले, कारण साक्षीपुराव्याआधी दायित्व कसे ठरविता येईल? ४ एप्रिल १९८८ रोजी मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे न्या. एस. के. सेठ यांनी रक्कम २५० कोटींवर आणली; मात्र तिचा पाया अंगभूत अधिकारांऐवजी प्रथमदर्शनी सिद्ध होणाऱ्या दायित्वावर ठेवला. माझ्या मते या संपूर्ण प्रवासात न्यायालयाने दायित्वाच्या प्रश्नाला प्रत्यक्ष हात घातला तो येथेच. दोन्ही पक्षांनी सर्वोच्च न्यायालयात अपील केले.

सर्वोच्च न्यायालयासमोर होते ते फक्त अंतरिम रकमेविरुद्धचे अपील. मूळ दावा भोपाळमध्येच प्रलंबित होता आणि त्यात एकही साक्ष नोंदली गेली नव्हती. अशा अवस्थेत १४ फेब्रुवारी १९८९ रोजी सरन्यायाधीश रघुनंदन स्वरूप पाठक यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने ४७ कोटी डॉलरच्या तडजोडीचा आदेश देऊन सर्व दिवाणी दावे आणि फौजदारी कारवाई संपुष्टात आणली. मार्च १९८६ मध्ये, म्हणजे कीनन यांच्या निर्णयाच्या दोन महिने आधी, कंपनी व पीडितांचे अमेरिकी वकील यांच्यात ३५ कोटी डॉलरवर सहमती झाली होती आणि भारत सरकारने ती अपुरी म्हणून फेटाळली होती. दावा भारतात येऊन सुमारे अडीच वर्षे चालल्यानंतर पदरात पडलेली वाढ बारा कोटी डॉलरची होती. मागणी मात्र सुमारे तीन अब्जांची होती. स्थळाच्या निर्णयाने सौदाशक्ती कोठून कोठे सरकली, हे समजून घेण्यास याहून अधिक आकड्यांची गरज नाही.

मूळ दावा आपल्यासमोर नसताना तो निकाली कसा काढता येतो, असा आक्षेप पुनर्विलोकन याचिकांत घेण्यात आला. संविधानाच्या अनुच्छेद १३९अ नुसार सर्वोच्च न्यायालयाला विशिष्ट परिस्थितीत उच्च न्यायालयांतील प्रकरणे स्वतःकडे घेता येतात; जिल्हा न्यायालयातील दाव्याचा त्यात उल्लेख नाही. ३ ऑक्टोबर १९९१ रोजी न्या. वेंकटचलय्या यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निर्णयाने हा आक्षेप अमान्य केला. अनुच्छेद १३६ व १४२ खालील अधिकार व्यापक असून अनुच्छेद १३९अ त्यांना मर्यादा घालत नाही, म्हणून जिल्हा न्यायालयातील दावाही सर्वोच्च न्यायालय स्वतःकडे घेऊ शकते, असे ठरले. तडजोड कायम राहिली. फौजदारी कारवाई मात्र पुन्हा खुली झाली. त्याआधी, २२ डिसेंबर १९८९ रोजी, १९८५ च्या अधिनियमाची वैधता मान्य करताना न्यायालयाने तडजोडीपूर्वी पीडितांना सूचना द्यावयास हवी होती हे कबूल केले, पण ती उणीव पुनर्विलोकनाच्या सुनावणीने भरून निघेल असे म्हटले. ज्यांच्या वतीने दावा होता त्यांना त्याच्या शेवटच्या स्थलांतराची वार्ता वर्तमानपत्रांतून कळली.

अशा रीतीने न्यूयॉर्कमध्ये ‘पुरावा भारतात आहे’ म्हणून दावा सोडला गेला, भोपाळमध्ये तो पुराव्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच दिल्लीला गेला, आणि दिल्लीत तो पुराव्याशिवाय संपला. तडजोडीच्या कारणमीमांसेत गृहीत धरलेली मृतांची संख्या सुमारे तीन हजार होती. पुढील वर्षांत दावा न्यायाधिकरणांनी पाच हजारांहून अधिक मृत्यूंसाठी आणि एकूण साडेपाच लाखांहून अधिक व्यक्तींना भरपाई दिली. वाढीव भरपाईसाठी केंद्र शासनाने २०१० साली केलेली उपचारात्मक याचिका १४ मार्च २०२३ रोजी फेटाळली गेली. १९९१ च्या आदेशानुसार पीडितांसाठी विमा उतरविण्यात शासनानेच हयगय केली, अशी नोंदही न्यायालयाने तेव्हा केली.

न्यूयॉर्कचे दार मात्र पूर्णतः बंद झाले नव्हते. कारखान्याच्या परिसरातील भूजल व जमीन दूषित झाल्याबद्दल भोपाळच्या रहिवाशांनी १९९९ पासून तेथे पुन्हा दावे केले. ते पुन्हा न्यायाधीश कीनन यांच्यासमोरच आले, आणि २०१२ व २०१४ साली त्यांनी ते निकाली काढले. या वेळी कारण स्थळाच्या गैरसोयीचे नव्हते. प्रदूषणासाठी मूळ कंपनी जबाबदार ठरेल इतका पुरावा नाही, असे त्यांनी ठरविले. अपिलातही ते निर्णय टिकले. परंतु या दाव्यांच्या ओघात, अमेरिकी नियमांनुसार मागविल्यामुळे, भोपाळच्या कारखान्याच्या उभारणीविषयीची मूळ कंपनीची काही अंतर्गत कागदपत्रे न्यायालयाच्या दप्तरात प्रथमच दाखल झाली. ती भोपाळमध्ये वा मुंबईत नव्हती. ती अमेरिकेत होती.